प्रकाशाच्या साहाय्याने धातुऑक्साइडांचे संश्लेषण

प्रकाशाची ऊर्जा वापरून उत्प्रेरणासाठी धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण किंवा अतिपातळ थर घडवण्याच्या पद्धती. रूढ रीतीत धातूंचे क्षार भट्टीत तासन्‌तास भाजतात. लेसरचा स्पंद हेच काम ठिपक्याएवढ्या जागेत, सेकंदाच्या अब्जांश भागांत उरकतो, आणि या वेगामुळेच भट्टीत न साधणारी रूपे हाती लागतात.

रूप बदलले की उत्प्रेरकाचे वागणे बदलते. उदाहरणार्थ, अमोनियाच्या उद्योगात नायट्रोजन व हायड्रोजन यांचा संयोग लोहाच्या उत्प्रेरकावर होतो. हा उत्प्रेरक परंपरेने मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडाच्या रूपात भरतात आणि संयंत्रातच त्याचे क्षपण करतात. वुस्टाइट या दुसऱ्या लोह-ऑक्साइडापासून केलेले उत्प्रेरक अधिक क्रियाशील ठरले आहेत. पण वुस्टाइट सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या वरच स्थिर असते. सावकाश निवू दिले तर त्याचे लोह व मॅग्नेटाइट होते. अशी रूपे टिकवायची तर ती झटक्यात थंड करावी लागतात.

लोहार तापल्या पात्याला पाणी देतो, तीच युक्ती पुणे विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी लेसरने साधली. पी. पी. पाटील, डी. एम. फासे, एस. ए. कुलकर्णी, एस. व्ही. घैसास, सुलभा कुलकर्णी, एस. एम. कानेटकर, सतीशचंद्र ओगले आणि वि. गो. भिडे यांचा शोधनिबंध १९८७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. पाण्यात बुडवलेल्या लोखंडावर त्यांनी रुबी लेसरचे स्पंद सोडले. पृष्ठभाग क्षणात तापला, पाण्यातील ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला आणि भोवतीच्या पाण्याने तो तितक्याच वेगाने निववला. एरवी साध्या तापमानाला न टिकणारे लोह-ऑक्साइड तिथेच गोठले. त्यांचा रोख पृष्ठभागावरील थरावर होता, सुटे नॅनोकण गोळा करण्यावर नव्हता. तरीही द्रवातील लेसर-संश्लेषणाच्या इतिहासाचा आरंभ या निबंधापासून मानतात. मराठी वाचकाला ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी.

पुढे बर्लिनमध्ये फोयटिक आणि हेंगलाइन यांनी १९९३ साली याच मार्गाने द्रवात तरंगणारे नॅनोकण मिळवले. लेसरच्या आघाताने धातूचा प्लाझ्मा होतो, त्याभोवती वाफेचा बुडबुडा फुगतो, आणि तो मिटेपर्यंत आत कण जमतात. बाहेरून रसायने घालावी लागत नसल्याने कणांचे पृष्ठभाग स्वच्छ राहतात. उत्प्रेरणात हा मोठाच लाभ. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २०१३ मध्ये असे कोबाल्ट-ऑक्साइडाचे कण पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करण्यासाठी वापरले गेले.

दुसरा मार्ग सौम्य आहे. त्याच वर्षी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात लोह, कोबाल्ट व निकेल यांची सेंद्रिय संयुगे काचेवर पातळ लेपून त्यांवर अतिनील प्रकाश पाडला. सेंद्रिय भाग विघटित होऊन निघून गेला, अस्फटिकी मिश्र ऑक्साइड मागे राहिले. धातूंचे प्रमाण हवे तसे ठरवता येते, हे या मार्गाचे वैशिष्ट्य.

अडचण उत्पादनाची आहे. जर्मनीतील ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठात २०१६ मध्ये सुमारे ५०० वॉटच्या लेसरने ताशी ४ ग्रॅम प्लॅटिनमचे नॅनोकण मिळाले, आणि द्रवातील पद्धतीसाठी हा वेग मोठा मानला गेला. अमोनियाच्या संयंत्रात उत्प्रेरक टनांनी भरावा लागतो. त्यामुळे नव्या मिश्रणांची चाचणी आणि विद्युतअग्रांवरचे पातळ लेप हेच सध्या या पद्धतींचे मुख्य क्षेत्र आहे.