मागच्यासारखं नाही राहिलं...

परवा माळा आवरताना एक कॅसेट हाताला लागली. नव्वद मिनिटांची, रेकॉर्ड केलेली. कव्हरवर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'ड्रीम थिएटर - इमेजेस अँड'. पुढचा 'वर्ड्स' बसायला जागाच उरली नव्हती. अक्षर माझ्या होस्टेलच्या रूममेटचं. साल असेल १९९८. ही कॅसेट त्यानं कुणाकडून तरी उतरवून आणली आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं आम्ही दोघं या एका बँडवरून भांडत आलो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे मेटलचा दणका आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबलचक, वळणावळणाची रचना यांचा संसार. गाणं पाच मिनिटांत संपलं तर संपलं, नाहीतर वीस मिनिटंही चालतं. ताल मध्येच बदलतो. या बँडच्या 'द डान्स ऑफ इटर्निटी' नावाच्या सहा मिनिटांच्या तुकड्यात तो शंभराहून जास्त वेळा बदलतो म्हणे. मी मोजायचा प्रयत्न केला आणि चाळिसाच्या आसपास सोडून दिला :) असं संगीत ऐकणारा माणूस मुळातच चिकित्सक असतो. त्यामुळे नवा आल्बम आला की त्याचं पहिलं काम म्हणजे शवविच्छेदन! आणि निष्कर्ष बहुधा ठरलेला, "मागच्यासारखं नाही राहिलं."

गंमत म्हणजे या बँडचा इतिहास पाहिला तर तो निम्मा या एका वाक्याचाच इतिहास आहे.

जॉन पेट्रुची, जॉन म्यँग आणि माइक पोर्टनॉय ही तीन पोरं १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये भेटली. कॉलेज अर्धवट सोडून त्यांनी बँड काढला. आधीचं नाव 'मॅजेस्टी'. १९८९ चा पहिला आल्बम फारसा कुणी ऐकला नाही. १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'नं मात्र नशीब उघडलं. 'पुल मी अंडर' हे आठ मिनिटांचं गाणं रेडिओवर आणि एमटीव्हीवर वाजायला लागलं. त्याच आल्बममधल्या 'मेट्रोपोलिस' या गाण्याच्या नावापुढे पेट्रुचीनं गमतीत 'भाग १' असं लावून दिलं होतं. भाग दोन वगैरे काही डोक्यात नव्हतं. पण चाहत्यांनी ते खरं धरलं आणि दुसरा भाग कधी, म्हणून पिच्छा पुरवला.

याच काळातलं आणखी एक गाणं होतं, 'अ चेंज ऑफ सीझन्स'. तेवीस मिनिटांचं, पोर्टनॉयची आई विमान अपघातात गेली त्या दुःखातून आलेलं. फार लांब म्हणून 'इमेजेस'मधून वगळलेलं. मैफलींत ते ऐकलेल्या लोकांनी अक्षरशः सह्यांची मोहीम काढली, की हे रेकॉर्ड करा. १९९५ मध्ये कंपनीनं ते काढलं. ऐकणाऱ्यांच्या मतानं एक गाणं जगात आलं, याचं मला त्या वयात फार अप्रूप वाटायचं. आपल्या मताला किंमत आहे, असं काहीतरी.

मग आला १९९७ चा 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी'. बँडकडे दोन सीडी भरतील एवढी गाणी तयार होती, त्यांत 'मेट्रोपोलिस'चा वीसेक मिनिटांचा दुसरा भागही होता. कंपनीला रेडिओवर चालणारं काहीतरी हवं होतं. डबल आल्बमला नकार मिळाला, दुसरा भाग बाहेर राहिला, आणि एका गाण्यावर हात फिरवायला डेस्मंड चाइल्ड हा हिट गाणी लिहिणारा माणूस बोलावला गेला. चाहते खवळले. बँड विकला गेला, मवाळ झाला, हे ते नाहीतच... पोर्टनॉय स्वतः इतका वैतागला होता की बँड सोडायच्या बेतात होता.

आम्हीही खवळलो. आमच्यापर्यंत तो आल्बम वर्षभर उशिरा पोचला, पण राग ताजाच होता. होस्टेलच्या गच्चीवर बसून आम्ही एकेक गाणं निकालात काढलं. मी तर म्हणालो, "यातलं एकही गाणं दहा वर्षांनी कुणी ऐकणार नाही." एकोणिसाव्या वर्षी माणूस असली भविष्यं फार सहज सांगतो.

त्या रागाचा एक चांगला परिणाम झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी कंपनीनं बँडला मोकळं सोडलं. १९९९ मध्ये 'मेट्रोपोलिस भाग २ : सीन्स फ्रॉम अ मेमरी' आला, एक सलग कथा सांगणारा अख्खा आल्बम. आजही बहुतेक लोक तो त्यांचा सर्वोत्तम मानतात. गमतीत लावलेल्या 'भाग १'चं ऋण चाहत्यांनी असं वसूल केलं!

पण त्याच वेळी कीबोर्डवाला डेरेक शेरिनियन बँडमधून गेला. त्याच्या जागी जॉर्डन रुडेस आला, ज्याच्यासोबत पेट्रुची आणि पोर्टनॉय यांनी आधी एका बाजूच्या प्रकल्पात वाजवलं होतं. निर्णय बँडचा होता, चाहत्यांचा नव्हे. पण आमच्यासारख्यांनी मनातल्या मनात हिशेब जुळवून टाकला, की फसलेला आल्बम त्या माणसाच्या काळातला, म्हणजे दोष त्याचा. डेस्मंड चाइल्डला त्यानं बोलावलं नव्हतं, दुसरी सीडी त्यानं कापली नव्हती. तरी शिक्का त्याच्यावर बसला.

आणि माझं भविष्य? 'हॉलो इयर्स' हे त्याच आल्बममधलं हळवं गाणं. २००४ मध्ये टोकियोच्या बुडोकानमध्ये पेट्रुचीनं त्याच्या सुरुवातीला जो गिटारचा तुकडा वाजवला, तो ऐकून लोक ते गाणं डोक्यावर घेऊ लागले. 'टेक अवे माय पेन' पेट्रुचीनं वडिलांच्या मृत्यूवर लिहिलं होतं. गच्चीवर आम्ही त्याला 'रडगाणं' म्हणालो होतो. माझे वडील गेले त्या वर्षी मी ते पुन्हा ऐकलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

असो. मूळ मुद्दा २०११ चा आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय बँड सोडून गेला. त्याला थोडी विश्रांती हवी होती, बाकीच्यांना नको होती. पंचवीस वर्षांचा संसार मोडला. मग सात ड्रमर्सची परीक्षा झाली आणि माइक मँजिनी निवडला गेला. हा माणूस तेव्हा बर्कलीत शिकवत होता, म्हणजे ज्या कॉलेजातून ती तीन पोरं पळाली तिथलाच मास्तर! नोकरी सोडून तो बँडमध्ये आला. सप्टेंबर २०११ मध्ये 'अ ड्रॅमॅटिक टर्न ऑफ इव्हेंट्स' आला आणि शवविच्छेदन सुरू झालं. कुणी म्हणालं, गाण्यांचा क्रम थेट 'इमेजेस अँड वर्ड्स'वर बेतलाय. कुणी म्हणालं, ड्रम्स फार मागे दाबलेत. आणि सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं मत म्हणजे मँजिनी यंत्रासारखा वाजवतो, जीव नाही.

हे मत मीही हिरिरीनं मांडलं. रूममेटला भलीमोठी मेल लिहिली, एकेका गाण्याचा पंचनामा करून. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. "अरे, आई आयसीयूत आहे. रात्री बाहेर बाकड्यावर बसतो तेव्हा हाच आल्बम ऐकतोय. मला तो जुन्याशी ताडून बघायचा नाहीये रे, मला तो रात्र काढायला हवाय."

मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. म्हणून दिलंच नाही. चार दिवसांनी फोन करायचं ठरवलं, आणि चार दिवसांचे तीन आठवडे झाले. तोवर त्याची आई गेली होती. भेटायला गेलो तेव्हा आम्ही संगीताबद्दल अवाक्षर बोललो नाही. त्यानंतर बरीच वर्षं नाही.

आणि एक गोष्ट मला फार नंतर कळली. त्या आल्बमची गाणी मँजिनी येण्याआधीच तयार झाली होती, आणि ड्रम्सचा आराखडा पेट्रुचीनं संगणकावर बसवून ठेवला होता. मँजिनीला त्यावर वाजवायचं होतं. म्हणजे 'यंत्रासारखं' हे कान अगदी चुकीचं सांगत नव्हते, पण आम्ही बोट दाखवलं ते भलत्याच माणसाकडे. पुन्हा एकदा. शेरिनियनच्या वेळी केलं तेच.

मँजिनी तेरा वर्षं राहिला. पाच आल्बम झाले. त्यांत २०१६ चा 'द अस्टॉनिशिंग'ही होता, चौतीस तुकड्यांचा, दोन तासांहून लांब, ज्यावरून चाहत्यांत उभी फूट पडली. (मी? मी तो एका बैठकीत अजूनही पूर्ण ऐकलेला नाही.) आणि २०२२ मध्ये 'द एलियन' या गाण्याला ग्रॅमी मिळालं, बँडला मिळालेलं पहिलं ग्रॅमी. ड्रम्सवर मँजिनीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परत आला, आणि मँजिनी बाजूला झाला.

७ फेब्रुवारी २०२५ ला 'पॅरासोम्निया' आला. झोपेच्या विकारांवरचा, सत्तर मिनिटांहून मोठा आल्बम. शेवटचं 'द शॅडो मॅन इन्सिडंट' एकोणीस मिनिटांच्या वर. मतं काय आली असतील? एक बाजू म्हणते, घरचा माणूस घरी आला, आता कुठे ड्रीम थिएटर पुन्हा ड्रीम थिएटर वाटतंय. दुसरी म्हणते, हे तर स्वतःचीच उजळणी करतायत, जुन्या खुणा पेरून आमच्या आठवणींवर जगतायत. जेम्स लाब्रीच्या आवाजावर नेहमीचे दोन तट. आणि एक तिसरीच कुजबुज, जिची मी वाटच पाहत होतो, "मँजिनीच्या काळात जी सफाई होती ना, ती नाही राहिली."

म्हणजे ज्याच्यात जीव नव्हता, त्याचाही सुवर्णकाळ झाला!

मला आल्बम आवडला. पोर्टनॉयचा हात दुसऱ्या मिनिटाला ओळखू येतो, आणि तेव्हा अंगावर काटा आला हे खोटं कशाला सांगू? पण सोबत जरा लाजही वाटली. परतलेल्याचं स्वागत करताना मधली तेरा वर्षं आपण नकळत 'मधला काळ' करून टाकतो. त्या मधल्या काळात कुणीतरी कायमची नोकरी सोडून आला होता, रोज सराव करत होता. आणि कुणीतरी हॉस्पिटलच्या बाकड्यावर त्याचं वाजवणं ऐकत रात्र काढत होता.

नव्या आल्बमवर मत देऊ नये असं मी म्हणत नाही. १९९५ च्या सह्या नसत्या तर ते तेवीस मिनिटांचं गाणं कदाचित नुसतं मैफलींपुरतंच राहिलं असतं. मत द्यावं, भांडावंही. फक्त पहिल्या आठवड्यातलं मत हे आल्बमपेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतं, आपण काय हरवलंय आणि काय परत मागतोय ते. ते दुसऱ्या माणसाच्या माथी मारताना जरा थांबावं. मला हे कळायला पंचवीस वर्षं लागली, त्यात त्या बँडचा दोष नाही.

कॅसेट सापडली त्या रात्री 'अ ड्रॅमॅटिक टर्न'मधलं 'ब्रेकिंग ऑल इल्यूजन्स' लावलं. बारा मिनिटं, मध्ये न थांबता, पंचनामा न करता. मग चौदा वर्षं उशिरा त्या मेलला उत्तर लिहिलं. "ऐकला. तू म्हणत होतास तसाच आहे."

दहा मिनिटांत फोन वाजला. "काय रे, एवढ्या रात्री?" म्हणाला. "आणि पॅरासोम्निया ऐकलास का? मला नाही बुवा आवडला. मागच्यासारखं नाही राहिलं."