हाऊ वकील कोना शे?



मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, कोर्टाची पायरी चढलो ती फक्त नातेवाइकांच्या सोबतीला. अशीच एकदा जळगावला जिल्हा कोर्टाच्या आवारात बसलो होतो. शेजारी आपल्याच पाचोरा तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी होते. कालव्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची केस. समोरून काळा कोट गेला तसं त्यांनी मुलाला विचारलं, "हाऊ वकील कोना शे?" मुलगा म्हणाला, "सरकारना." म्हातारबाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग सरकार कोनं शे?"

मी वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवत होतो, फक्त मला त्याला तासभर लागायचा.

आपल्या राज्यघटनेत कलम १६५ आहे. प्रत्येक राज्याला एक महाधिवक्ता, म्हणजे अ‍ॅडव्होकेट जनरल असावा, तो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याच्या पात्रतेचा असावा, आणि त्याने सरकारला कायद्याचा सल्ला द्यावा, असं ते कलम सांगतं. कलम १७७ प्रमाणे तो विधिमंडळात बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. मुदत मात्र ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद, आणि मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची. आता गंमत बघा. बंद खोलीत सल्ला देताना या माणसाने न्यायाधीशासारखं तटस्थ असायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहून एका बाजूने भांडायचं. एकाच खुर्चीत दोन माणसं बसवलीत.

महाराष्ट्रात ही खुर्ची सर्वांत जास्त गाजवली ती होरमसजी माणेकजी सीरवाई यांनी. १९५७ ते १९७४. आधी द्विभाषिक मुंबई राज्य, मग १ मे १९६० पासून महाराष्ट्र. यशवंतराव चव्हाण, कन्नमवार, वसंतराव नाईक, मुख्यमंत्री बदलत गेले, सीरवाई तिथेच. माणूस पारशी, मुंबईचा, सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये तयार झालेला. आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली ती तत्त्वज्ञानाची! आमच्या विषयाचा विद्यार्थी पुढे काय करतो, असं पालक विचारायचे तेव्हा मी हे नाव सांगायचो.

त्याच काळात उच्च न्यायालयात सरकारी वकील होते पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. पुढे सरन्यायाधीश झाले ते. या दोघांना एकत्र पाहायचं तर नानावटी खटला बघा. सिनेमावाल्यांनी त्यातलं प्रेमप्रकरण तेवढं उचललं, मला त्यातली ११ मार्च १९६० ही तारीख महत्त्वाची वाटते. ज्युरीने नानावटींना निर्दोष म्हटलं होतं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सरकारतर्फे चंद्रचूडांनी बाजू मांडली आणि जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी हुकूम काढला, की सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित, आरोपी नौदलाच्या ताब्यात राहील. अटकेचं वॉरंट बजावल्याविना परत आलं. न्यायमूर्तींनी साहजिकच विचारलं, हे काय चाललंय? पाच न्यायाधीशांचं विशेष पीठ बसलं, आणि राज्यपालांच्या हुकमाचं समर्थन करायला महाधिवक्ता सीरवाई उभे राहिले.

म्हणजे सरकारच्या एका वकिलाने माणसाला शिक्षा मिळवून दिली, आणि ती लगेच भोगावी लागू नये हा हुकूम दुसऱ्याने राखला. दोघंही सरकारचेच. म्हातारबाबांचा प्रश्न इथे चांगलाच टोचतो. उच्च न्यायालयाने हुकूम मान्य केला. ५ सप्टेंबर १९६० ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने सांगितलं, की प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना अशी स्थगिती देता येणार नाही. सीरवाई हरले, पण त्यात मला गैर काही दिसत नाही. राज्यपालांच्या अधिकाराची बाजू कुणीतरी नीट मांडल्याशिवाय त्याची हद्द ठरणार कशी?

आपल्या भागाचा संबंध असा, की सीरवाईंची कारकीर्द सुरू झाली तो काळ कूळकायद्याचा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कसणाऱ्या कुळाला जमीन मिळायची होती, आणि जमीनमालक कोर्टात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तेव्हा सरकारचा वकील म्हणजे गरिबाच्या विरुद्धच, हे समीकरण काही खरं नाही. कधी तो कालवा खणणाऱ्यांच्या बाजूने असतो, कधी कुळाच्या.

पुढे १९७२-७३ चा केशवानंद भारती खटला. मुळात जमीन सुधारणेचाच, केरळमधला. तेरा न्यायाधीश. एका बाजूला नानी पालखीवाला, समोर केरळ सरकारसाठी सीरवाई. दोघंही कांगांच्याच चेंबरचे. सीरवाईंचं म्हणणं, की घटनादुरुस्ती करण्याच्या संसदेच्या अधिकाराला कसलीही गर्भित मर्यादा नाही. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला आणि मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला. सीरवाईंशी सहमत अशा सहा जणांत न्यायमूर्ती चंद्रचूड होते.

आणि मग आणीबाणी. सीरवाई पदावरून दूर झालेले होते. फली नरिमन तेव्हा केंद्र सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल, त्यांनी लगेच राजीनामा दिला. महान्यायवादी नीरेन डे राहिले. १९७६ च्या जबलपूर खटल्यात न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी त्यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तरी दाद मागता येणार नाही का? डे यांचं उत्तर होतं, आणीबाणी आहे तोवर नाही. काहीजण म्हणतात, डे यांनी मुद्दाम युक्तिवाद टोकाला नेला, न्यायाधीशांना धक्का बसावा म्हणून. मला हा बचाव पटत नाही. ज्याला धक्का द्यायचाय त्याने नरिमनांसारखं बाहेर पडावं. चार विरुद्ध एक असा निकाल लागला. चौघांत चंद्रचूड होते, विरोधात एकटे खन्ना.

सीरवाईंनी १९७८ मध्ये या निकालावर कठोर टीका करणारं पुस्तक लिहिलं, आपल्याच जुन्या कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या निकालालाही सोडलं नाही. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. केशवानंदमध्ये ज्या सिद्धांताविरुद्ध ते इतके दिवस झगडले, तो त्यांनी आपल्या 'कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया' या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत मान्य केला. नोव्हेंबर १९७५ च्या इंदिरा गांधी निवडणूक खटल्यातली निकालपत्रं वाचून त्यांचं मत बदललं. चंद्रचूडही बदलले. १९८० चा मिनर्व्हा मिल्सचा निकाल, मूलभूत चौकट भक्कम करणारा, त्यांनीच लिहिला. जबलपूरचा निकाल मात्र रद्द व्हायला २०१७ उजाडलं, आणि तो रद्द करणाऱ्या पीठातलं मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी लिहिलं.

आता तुम्ही विचाराल, सीरवाई पदावर असते तर बदलले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, मला हा प्रश्न सुटलेला नाही. पद सोडल्यावर मोकळं बोलणं सोपं असतं, आम्हा निवृत्त प्राध्यापकांना ते चांगलं ठाऊक आहे. पण सतरा वर्षं जी बाजू मांडली तिला स्वतःचं मत समजून चिकटून बसणंही सोपंच होतं. ते त्यांनी केलं नाही.

वेळ झाली. समोर दोन-तीन वकील मंडळी बसलीत, माझं कायद्याचं काही चुकलं असेल तर त्यांनी आधी बोलावं, मग बाकीचे प्रश्न घेऊ.