आठ बहिणी आणि एक ठेच

आपल्यापैकी बहुतेक घरांची एखादी तरी क्रूझ झालेली असते. भारतातून आई-बाबा आले की आधी नायगारा, मग डिस्ने आणि मग "जरा बोटीवर जाऊन येऊ" हा क्रम जवळजवळ ठरलेला. परत आल्यावर गप्पा रंगतात त्या जेवणाच्या, शाकाहारी काय काय मिळालं याच्या आणि केबिनमधल्या एवढ्याशा बाथरूमच्या. जहाज कसं बांधलंय याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनियर. लोकांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणं हेच पोटापाण्याचं काम. त्यामुळे एकाच आराखड्यावरून एका कंपनीने आठ जहाजं बांधून घेतली असं वाचलं, तेव्हा डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा, की पहिल्यात आणि आठव्यात फरक काय?

एका आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांना इंग्रजीत 'सिस्टर शिप्स' म्हणतात. आपण सरळ बहिणी म्हणू. कार्निव्हल ही मायामीची कंपनी. तिची थोरली 'फँटसी' १९९० साली पाण्यात धावू लागली. पाठोपाठ एक्स्टसी (१९९१), सेन्सेशन (१९९३), फॅसिनेशन (१९९४), इमॅजिनेशन (१९९५), इन्स्पिरेशन (१९९६), इलेशन (१९९८) आणि शेंडेफळ पॅराडाइज (१९९८). प्रवासी बहुतेक अमेरिकन, पण बहिणींचं माहेर फिनलंडमधलं हेलसिंकी. थोरलीच्या वेळी तर बाळंतपणच अवघड झालं. जहाज अर्धवट बांधून झालेलं असताना १९८९ साली वार्टसिला मरीन ही जहाजबांधणी कंपनीच दिवाळखोरीत गेली. मग मासा-यार्ड्स नावाची नवी कंपनी उभी राहिली आणि तिने फँटसी पूर्ण केली.

प्रत्येक बहीण सुमारे ७० हजार टनांची, लांबी साधारण २६० मीटर. (हे टन वजनाचे नाहीत बरं का. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे.) रुंदीही मुद्दाम बेताची ठेवलेली. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर, आणि त्यातून या बहिणी निघू शकत. कार्निव्हलचीच १९९६ सालची 'डेस्टिनी' एक लाख टनांच्या वर गेली आणि त्या दारातून मावेनाशी झाली.

आता फरक. डोळ्यांना दिसणारे फरक सगळे सजावटीचे. जो फारकस नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने प्रत्येक बहिणीला वेगळं नेसवलं. कुठे निऑनचे दिवे, कुठे हॉलिवूड, कुठे आणखी काही. पॅराडाइजचा थाट तर वेगळाच होता. तिच्यावर धूम्रपानाला पूर्ण बंदी. कोणी सिगारेट ओढताना सापडला तर २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरात खाली उतरवणार! २००४ साली हा प्रयोग बंद झाला. पुढे बहिणींपैकी अनेकींना पाण्याच्या घसरगुंड्या आणि जास्तीच्या बाल्कन्या मिळाल्या, कारण मूळ आराखड्यात बाल्कन्या अगदी मोजक्या होत्या. घराला नवा रंग द्यावा, गॅलरी काढावी, तसंच हे.

खरा फरक पाण्याखाली होता. पहिल्या सहा बहिणींमध्ये डिझेल इंजिनं वीज तयार करत. त्या विजेवर मोटर चालायची, मोटरीला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला, जहाजाच्या बुडाशी, पंखा. दिशा बदलायला मागे सुकाणू. इलेशनमध्ये हा दांडा आणि सुकाणू दोन्ही गेले. मोटरच एका मोठ्या कोशात बंद करून जहाजाच्या मागच्या भागाखाली टांगली. पंखा त्या कोशाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाला ढकलण्याऐवजी ओढणारा. आणि हा अख्खा कोश गोल फिरतो. याचं नाव ॲझिपॉड. १९९० साली 'सैली' नावाच्या छोट्याशा फिनिश बोटीवर तो पहिल्यांदा बसवला गेला, पण प्रवासी क्रूझवर आला तो इलेशनमध्येच.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. नवी कल्पना चांगली की वाईट हे ठरवायला एरवी किती वाद घालावे लागतात! इथे आकार तोच, वजन जवळपास तेच, फक्त पंख्याची व्यवस्था वेगळी. आमच्या धंद्यात याला ए/बी टेस्टिंग म्हणतात. इलेशनची तुलना थेट थोरल्या बहिणींशी करता आली, आणि दिसून आलं की ती कमी जागेत वळते, कमी इंधन खाते आणि आतली जागाही वाचवते. पहिल्या काही वर्षांत अशा पॉडच्या बेअरिंगांनी वेगवेगळ्या कंपन्यांना सतावलं हेही खरं. पण आज मोठ्या क्रूझ जहाजांवर पॉड नेहमीचेच झाले आहेत.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण समजा ठेच लागली तेव्हा मागे कोणी उरलंच नसेल तर?

२० जुलै १९९८. दोन नंबरची बहीण एक्स्टसी संध्याकाळी मायामीहून निघाली. जहाजावर २,५६५ प्रवासी आणि ९१६ कर्मचारी. मुख्य लाँड्रीत दोन कर्मचारी परवानगीशिवाय वेल्डिंग करत होते. ठिणगी उडाली ती हवा बाहेर नेणाऱ्या डक्टमध्ये साठलेल्या लिंटवर. आपल्या ड्रायरची जाळी उघडली की जो करडा कापूस हाताला लागतो ना, तोच हा लिंट. जहाजाच्या लाँड्रीत तो किती साठत असेल याची कल्पना करा. डक्टमधून आग थेट मागच्या डेकवर पोचली. जहाज धक्क्याला बांधायचे जाडजूड दोर तिथेच ठेवलेले, तेही पॉलिप्रॉपिलिनचे, म्हणजे प्लास्टिकचेच. त्यांनी पेट घेतला. जहाजाची ताकद गेली आणि ते वाहवत जाऊ लागलं. टग बोटींच्या मदतीने आग विझली. कोणी दगावलं नाही. १४ कर्मचारी आणि ८ प्रवासी किरकोळ जखमी झाले. नुकसान मात्र १ कोटी ७० लाख डॉलरच्या वर गेलं.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. वेल्डिंग हे कारण तर होतंच, पण लाँड्रीचे डक्ट स्वच्छ ठेवले नव्हते हा दोष बोर्डाने कंपनीवर ठेवला. शिवाय, मागच्या डेकवर आपोआप आग विझवणारी यंत्रणा नव्हती आणि डक्टमधून पसरणारा धूर नि आग रोखायला आपोआप चालणारी सोय नव्हती, म्हणून नुकसान वाढलं असंही नोंदवलं. नीट बघा, यातला पहिला दोष कामाचा आहे आणि दुसरा आराखड्याचा. पहिला एका जहाजापुरता असू शकतो. दुसरा मात्र बहिणींना वारशाने मिळू शकतो, आणि त्या जुलैत शेंडेफळ पॅराडाइज सोडली तर सातही बहिणी प्रवासी घेऊन समुद्रात होत्या. सॉफ्टवेअरमध्ये एका ग्राहकाकडे चूक सापडली की त्याच आवृत्तीच्या प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन बघावं लागतं. फोन वाजायची वाट बघायची नसते. जहाजाचंही तेच.

हा धडा किती महाग पडू शकतो हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत बोटीचं नाव निघालं की आधी रामदास आठवायची. एक्स्टसी त्या मानाने नशीबवान.

पण नशिबावर आराखडा चालत नाही. १० फेब्रुवारी २०१३ रोजी डेस्टिनीची धाकटी बहीण 'ट्रायम्फ' मेक्सिकोच्या आखातात असताना इंधनाच्या लवचिक नळीतून गळती झाली आणि इंजिनरूमला आग लागली. दुसरी इंजिनरूम शाबूत होती, पण केबल जळल्यामुळे तिची वीज वापरता आली नाही. चार हजारांवर माणसं दिवे, पाणी आणि संडासाच्या सोयीविना राहिली. १४ तारखेला जहाज ओढत अलाबामातल्या मोबील बंदरात आणलं. दोन सर्व्हर ठेवायचे आणि दोघांची वायर एकाच खोक्यातून न्यायची, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर कार्निव्हलने ३० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. आणीबाणीची जास्तीची वीज, आगीपासून संरक्षण आणि इंजिनरूममधला एकमेकींवर अवलंबून नसलेला कारभार. आणि हे फक्त ट्रायम्फसाठी नव्हतं, तिच्या बहिणींसाठी आणि ताफ्यातल्या बाकीच्या जहाजांसाठीही होतं. पंधरा वर्षांनी का होईना, ठेच सगळ्यांची मानली गेली.

आठ बहिणींचं पुढे काय झालं? मार्च २०२० मध्ये कोविडने सगळ्या क्रूझ थांबल्या आणि जुन्या जहाजांवर कुऱ्हाड आली. थोरल्या सहा जणी एकेक करून कंपनीतून गेल्या आणि २०२२ पर्यंत बहुतेक तुर्कस्तानातल्या अलिआगाच्या किनाऱ्यावर तोडल्या गेल्या. फँटसी त्यात पहिल्यांपैकी. कंपनीने ठेवल्या त्या दोनच, इलेशन आणि पॅराडाइज, म्हणजे पॉडवाल्या धाकट्या दोघी. पॉडमुळेच ठेवल्या असं मी म्हणणार नाही, वयाने लहान हेही कारण असेलच.

पुढच्या क्रूझला तिकीट काढताना आपण बाल्कनी आहे का, बुफे किती वाजेपर्यंत उघडा, हे जरूर विचारावं. पण जहाज कुठल्या साली बांधलं आणि तिच्या बहिणींना आजवर काय काय झालं हेही एकदा बघावं, आणि सुटण्याआधीच्या सेफ्टी ड्रिलला मुलांना आणि आई-बाबांना घेऊन वेळेवर हजर राहावं. तो ड्रिल कंटाळवाणा असतो, हे कबूल. पण त्यातली प्रत्येक सूचना कुठल्या ना कुठल्या जहाजाने ठेच खाऊन शिकलेली आहे.