दरवाजा कोणाचा, पहारा कोणाचा? संगणकातील ‘साइन इन’ची साठ वर्षे

१/
अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरजगावहून पूर्वेस जामखेडच्या वाटेने गेले की निंबाळकरांचा खर्ड्याचा भुईकोट लागतो. गडकोटाच्या दरवाजाचा नियम साधा असे : बाहेरून येणाऱ्याने ओळख द्यायची, आतल्याने ती पारखायची. वाड्याच्या धन्यालाच त्याच्या उंबऱ्यावर अडवून नाव विचारणारा पहारा कोणी ठेवत नसे.

२/
आज मात्र स्वतःच्या पैशाने घेतलेला संगणक उघडताच ‘साइन इन करा’ अशी चौकट पुढे येते. ‘नंतर’ म्हटले तरी चार दिवसांनी ती पुन्हा हजर होते. धन्याची राखण करणारा पहारेकरी धन्यालाच हटकू लागला, तो कसा? हा इतिहास १९६१ पासून सुरू होतो.

३/
त्या वर्षी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांच्या चमूने ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, अशी तिची रचना होती. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि यंत्राचा वेळ वाटून मिळावा, म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला. संगणकातील पासवर्डचा उगम सामायिक यंत्राच्या या गरजेत आहे.

४/
हे कुलूप आरंभापासून कच्चे होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने यंत्राचा अधिक वेळ मिळावा म्हणून साऱ्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. १९६६ मध्ये दोन फायलींची अदलाबदल झाली आणि स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या पुढ्यात उमटले.

५/
ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आला. यंत्र एक आणि माणूसही एक, त्यामुळे त्याच्या डॉस प्रणालीत साइन इन नव्हतेच. कळ दाबली की यंत्र आज्ञेची वाट पाहत उभे राही. ‘पर्सनल’ या शब्दाचा अर्थ तेव्हा शब्दशः खरा होता.

६/
पुढे कार्यालयांतील संगणक जाळ्याने जोडले गेले आणि ओळखीची गरज परतली. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्याखेरीज प्रवेश नसे. खोट्या चौकटीने पासवर्ड चोरू नये, हा त्यामागचा हेतू होता. घरोघरी पोहोचलेल्या विंडोज ९५ ची चौकट मात्र बहुधा नावापुरती असे. ‘कॅन्सल’ म्हटले तरी यंत्र उघडत असे.

७/
कलाटणी ऑक्टोबर २००१ मध्ये मिळाली. विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना पडद्याच्या कोपऱ्यात एक फुगा दिसू लागला : ‘पासपोर्ट’ खाते उघडा. यंत्र चालवण्यासाठी त्या खात्याची गरज नव्हती. विचारणा मालकाच्या सोयीपेक्षा कंपनीच्या सेवेसाठी अधिक होती. २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच सेवेच्या सुरक्षेविषयीच्या दाव्यांवरून मायक्रोसॉफ्टला बंधने घातली.

८/
२०१२ च्या विंडोज ८ मध्ये ऑनलाइन खात्याने प्रवेश करणे हाच सरळ मार्ग ठरला आणि यंत्रापुरते ‘लोकल’ खाते आडवाटेला गेले. २०२१ मध्ये विंडोज ११ आले. त्याच्या होम आवृत्तीच्या पहिल्या मांडणीतच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागितले जाऊ लागले. कंपनीच्या बाजूनेही कारणे होती : फायलींची प्रत सुरक्षित राहते, विसरलेला पासवर्ड परत मिळवता येतो. सोय खरी होती, पण ती नाकारण्याची वाट अरुंद होत गेली.

९/
ब्राउझरही याच मार्गाने गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमच्या ६९ व्या आवृत्तीत असा बदल झाला, की जीमेल उघडणारा माणूस आपोआप ब्राउझरमध्येही साइन इन होई. सुरक्षातज्ज्ञांनी कडाडून टीका केली. पुढच्याच आवृत्तीत ही जोडणी बंद करण्याची कळ गूगलला द्यावी लागली. वापरणाऱ्यांचा विरोध फळाला आला, म्हणून ही घटना लक्षात ठेवण्याजोगी.

१०/
महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळी धार आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक गावोगावी नेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर सातबारा, दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती अशी एकेक कामे पडद्यावर आली.

११/
ज्याच्या घरी संगणक नाही तो सेवा केंद्रात जातो. तेथे १९६१ चेच चित्र पुन्हा उभे राहते : यंत्र एक, माणसे अनेक. एखादा शेतकरी कागद काढण्यासाठी आपला मेल उघडतो. ‘हे खाते येथे ठेवायचे का?’ अशी चौकट येते आणि घाईत कोणीतरी ‘होय’ दाबतो. त्याचा मेल आणि जपून ठेवलेले पासवर्ड पुढच्या अनोळखी माणसासमोर उघडे पडू शकतात. अशा ठिकाणी ब्राउझरची ‘गेस्ट’ खिडकी वापरणे आणि उठण्यापूर्वी साइन आउट करणे, हेच खरे कुलूप.

१२/
वारंवार विचारण्याचा आणखी एक तोटा आहे : माणूस न वाचता ‘होय’ म्हणू लागतो. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने पावलोपावली परवानगी मागितली आणि लोक इतके वैतागले, की विंडोज ७ मध्ये ती विचारणा कमी करावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटदाराच्या फोनवर साइन इनच्या मंजुरीच्या विनंत्यांचा भडिमार झाला. अखेर त्याने एक मंजूर केली आणि चोर आत शिरला.

१३/
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने एक तत्त्व शब्दबद्ध केले : संमती मुक्त असावी आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे. दहादा नकार देऊनही अकराव्यांदा पुढे येणारी चौकट या तत्त्वाशी कितपत जुळते, हा प्रश्न उरतोच.

१४/
नको असलेली विचारणा थांबवण्याची साधने यंत्रातच आहेत, फक्त ती आत दडलेली असतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, नोटिफिकेशन्स या वाटेने तळाशी ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ सापडते. तेथील स्वागत, मांडणी पूर्ण करणे आणि सूचना यांच्या खुणा काढल्या की बराच तगादा थांबतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘अलाऊ क्रोम साइन-इन’ बंद करता येते. संकेतस्थळांवर उगवणारी गूगलची चौकट साइट सेटिंग्जमधील ‘थर्ड-पार्टी साइन-इन’ येथे अडवता येते.

१५/
मात्र सारीच कुलपे काढून टाकणे शहाणपणाचे नाही. यंत्र उघडतानाचा पिन, बँकेचा ओटीपी, मेलची दुहेरी पडताळणी हे पहारे मालकाच्या बाजूने उभे आहेत. चौकट समोर आली की एकच कसोटी लावावी : येथे ओळख दिल्याने राखण कोणाची होते? उत्तर ‘माझी’ असेल तर ओळख द्यावी. ते दुसऱ्याच कोणाचे असेल, तर आपल्याच दारात ‘नको’ म्हणण्याचा हक्क धन्याचा आहे.