एल्व्हा नदीचे ऋणमोचन

धरण बांधले म्हणजे कोनशिला बसते, समारंभ होतो आणि इतिहासात त्याची नोंद राहते. धरण उतरविल्याची हकीकत मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. म्हणून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीचा वृत्तांत आम्ही येथे सांगणार आहोत.

ही नदी अवघी 45 मैलांची. ऑलिंपिक पर्वतात उगम पावून ती उत्तरेस समुद्राला मिळते. तिची कीर्ती सॅमन माशांमुळे होती. हा मासा नदीतल्या खड्यागोट्यांत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्मनदीकडे परततो. एल्व्हात येणाऱ्या सॅमनच्या पाचही जाती अंडी घातल्यावर तेथेच मरतात. त्यांच्यावर अस्वले व गरुड पोसतात आणि समुद्रातले सत्त्व डोंगरातल्या रानापर्यंत पोहोचते. काठावरील क्लॅलम लोकांचे जीवन याच माशांवर उभे होते. 1855 च्या तहात त्यांनी भूमी सोडली. नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क मात्र सोडला नाही.

येथे 1890 हे साल ध्यानात ठेवावयास हवे. खाण्याजोगे मासे ज्या प्रवाहातून वर चढतात, त्यावर बांध घालावयाचा असेल तर माशांना वाट ठेवलीच पाहिजे, असा कायदा त्या वर्षी राज्यात झाला होता. तरीही टॉमस ऑल्डवेल या उद्योजकाने 1910 मध्ये समुद्रापासून सुमारे पाच मैलांवर धरणाचे काम सुरू केले, ते माशांची वाट न ठेवताच. पायाही खालच्या खडकापर्यंत नेलेला नव्हता. ऑक्टोबर 1912 मध्ये पाण्याने तळ फोडला व खालच्या वस्तीत पूर आला. डागडुजी होऊन 1913 मध्ये वीज सुरू झाली.

मग कायद्याचे काय झाले? राज्याच्या मत्स्य अधिकाऱ्याने एक पळवाट सुचविली. धरणाला लागून मासे उबविण्याचे केंद्र काढावे, आणि धरण हा अंडी गोळा करण्यासाठी घातलेला सरकारी अडसर आहे असे मानावे! 1915 मध्ये या तडजोडीला कायद्याचा आधारही मिळाला. 1922 मध्ये केंद्र बंद पडले. धरण मात्र राहिले. पुढे 1927 मध्ये त्याच्या वरच्या अंगाला 210 फूट उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण उभे राहिले. तेथेही माशांना वाट नव्हती. पूर्वी वर्षाला सुमारे चार लक्ष मासे परतत असावेत असा अंदाज आहे. पुढे ते काही हजारांवर आले.

तेव्हा हे अज्ञानातून घडले असे आपल्याला म्हणता येत नाही. मासा वर चढतो हे ठाऊक होते, कायदा लिहिलेला होता. उणीव होती ती कायदा पाळण्याच्या इच्छेची. विजेने पोर्ट एंजल्स गावाची भरभराट झाली, हेही खरे. परंतु तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

1980 नंतर परवान्यांचा प्रश्न निघाला तेव्हा क्लॅलम लोकांनी हरकत घेतली. निसर्गरक्षक संस्था त्यांच्या बाजूस उभ्या राहिल्या. तोवर दोन्ही धरणांची वीज एका कागद गिरणीची गरजही पुरती भागवीत नव्हती. 1992 मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा झाला, 2000 मध्ये सरकारने धरणे विकत घेतली आणि सप्टेंबर 2011 मध्ये घण पडला. एवढा विलंब का? पैसा आणि राजकारण ही कारणे होतीच. शिवाय दोन कोटी घनमीटरांहून अधिक गाळ मागे साठला होता. तो एकदम सुटला असता तर नदी गुदमरली असती. म्हणून वरचे धरण टप्प्याटप्प्याने उतरविले. ते काम 2014 मध्ये संपले.

2012 मध्येच चिनूक सॅमन खालच्या धरणाची जागा ओलांडून वर गेले. गाळाने मुखाशी नवा किनारा घडविला. जलाशयाखाली गेलेला, आपल्या उत्पत्तीचे स्थान म्हणून क्लॅलम लोक मानीत तो खडकही पुन्हा उघडा झाला. 2023 मध्ये त्यांनी या मोकळ्या नदीत मर्यादित प्रमाणात का होईना, पुन्हा मासे धरले. नदी पूर्ववत झाली असे मात्र नव्हे. शंभर वर्षांची हानी दहा वर्षांत भरून येत नाही.

‘मग आमचीही धरणे फोडावयाची काय?’ असे कोणी विचारील. तसे आमचे म्हणणे नाही. कोयनेच्या पाण्यावर आज दिवे लागतात, गिरण्या चालतात. उपयोगी धरणाला कोणी निरुपयोगी म्हणू नये. पण धरणालाही वय असते. त्याची उपयुक्तता किती उरली, आणि त्याच्यासाठी कोणाच्या ताटातले काय काढून घेतले, याचा हिशेब वेळोवेळी मांडावयास हवा. एल्व्हाच्या बाबतीत तो 1890 च्या कायद्यातच लिहिलेला होता. तेव्हा माशांसाठी एक वाट ठेवण्याचा खर्च वाचविला; तो पुढच्या पिढ्यांना कोट्यवधी डॉलरांनी चुकवावा लागला.