रंगीत धुराचं कूळ

शोभेची दारू हा रात्रीचा खेळ. उन्हात चंद्रज्योत लावली तर ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि भुईनळ्याची फुलं जमिनीला टेकण्याआधीच विरून जातात. धूर तर या खेळात कुणालाच नको असतो. हवा पडलेली असली की पहिल्या चार बाणांचा धूर आभाळात साचतो आणि पुढचे बाण त्यात झाकोळून जातात. म्हणून दारूकाम करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या धूर कमी करण्याचीच खटपट केली. असं असताना धुरालाच रंग द्यायची आणि तोच खेळाचा गाभा करायची कल्पना आली कुठून? माझ्या मते या धुराचं अर्धं कूळ दारूकाम करणाऱ्यांचं आहे आणि उरलेलं अर्धं, खरं तर मोठं अर्धं, रंगाऱ्यांचं आहे.

असं म्हणायला कारण आहे. रात्रीच्या आतषबाजीतला रंग जळण्यातून येतो. स्ट्रॉन्शियमचे क्षार ज्वाळेत तापले की लाल उजेड देतात, बेरियमचे हिरवा, तांब्याचे निळा. धुराला स्वतःचा उजेड नसतो. तो सूर्याच्या उजेडात दिसतो, त्यामुळे त्याचे कण मुळातच रंगीत असावे लागतात. त्यासाठी रंगद्रव्य न जळता नुसतं तापून वाफ व्हावं लागतं आणि बाहेरच्या गार हवेत त्या वाफेचे पुन्हा बारीक कण व्हावे लागतात. उदबत्तीचा वास जसा निखाऱ्याच्या जरा अलीकडच्या, नुकत्याच तापू लागलेल्या भागातून सुटतो, निखाऱ्यातच जळून जात नाही, तसंच हे. आच थोडी चढली की रंग जळून काळपट होतो. थोडी उतरली की सगळंच विझतं. ही अरुंद वाट सांभाळणं हेच या कामाचं मर्म, आणि ती सांभाळायची तर आगीइतकीच रंगाची जाण लागते.

आपल्याकडच्या दारूकामाचा इतिहास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखितं धुंडाळून लिहिला. १४०० ते १९०० हा त्यांचा पल्ला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या ग्रंथातल्या कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती यांच्या कृती त्यांनी पुढे आणल्या आणि एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तलं लग्नाचं दारूकामही नोंदवलं. पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंगही त्यांनी दिला आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोट्याची दिवाळी वर्णन करून सांगतात: दारूची लंका आणि ती पेटवत फिरणारा मारुती. ते ऐकून पर्वतीच्या पायथ्याशी तसाच खेळ करवला जातो. वाचताना अजूनही जीव हरखतो. पण हे सगळं वैभव अंधारात उजळणाऱ्या दारूचं आहे.

दिवसाच्या धुराची गरज सैन्याला होती. डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्याला खबर द्यायची तर रात्री जाळ आणि दिवसा धूर. साधा धूर मात्र एकच गोष्ट सांगू शकतो: ‘काहीतरी घडलंय.’ धुराला दोन-चार रंग मिळाले की त्याची भाषा होते. मिंग काळातल्या चिनी लष्करी ग्रंथांत रंगीत धुराच्या कृती सापडतात आणि त्यांत निळ्या धुरासाठी चक्क नीळ वापरलेली आहे. ही निवड फार शहाणपणाची होती. नीळ कोरडी तापवली की तिची जांभळट वाफ होते आणि गार झाल्यावर त्या वाफेचे पुन्हा निळेच कण होतात. कापड रंगवणाऱ्याच्या घरातली वस्तू दारूखान्यात आली ती अशी. पिवळ्या धुरासाठी मात्र पुढे कितीतरी काळ मनशीळ वापरली जात असे. मनशीळ म्हणजे सोमलाच्या कुळातलं खनिज. तो पिवळेपणा सुंदर असला तरी विषारी होता.

रंगीत धूर रण सोडून करमणुकीत आला तो जपानमध्ये. तिथे दिवसाच्या आतषबाजीची स्वतंत्र परंपरा आहे. १८७७ साली योकोहामात सुरू झालेल्या हिरायामा कंपनीचे गोळे भर दुपारी आभाळात फुटत. त्यांतून कागदी माणसं, मासे, पक्षी तरंगत खाली येत, तर काहींतून रंगीत धुराचे झुबके लोंबत. जिन्ता हिरायामा यांना दिवसाच्या आतषबाजीसाठी १८८३ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. जपानी नागरिकाला मिळालेलं ते पहिलं अमेरिकी पेटंट मानतात. लंडनच्या ब्रॉक कंपनीमार्फत निघालेले त्यांचे रंगीत कॅटलॉग योकोहामाच्या ग्रंथालयाने जपले आहेत. विक्रीची यादी इतकी देखणी असू शकते यावर ते पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

तोवर युरोपात रंगाऱ्यांचं जगच पालटलं होतं. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनवर प्रयोग करताना जांभळा रंग गवसला. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालातल्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा निळीला पुन्हा तात्पुरता भाव आला. चंपारणचे शेतकरी १९१७ साली गांधीजींपुढे बोलले, त्यामागे नीळ पिकवण्याची सक्ती होती आणि भावाचा हा चढउतारही. इकडे युद्धात सामील असलेल्या सैन्यांना दिवसा दिसणाऱ्या खुणा हव्या होत्या आणि कापडासाठी शोधलेले कृत्रिम रंग हाताशी होते. धुराला मनासारखा लाल, हिरवा, जांभळा रंग मिळाला तो या रंगांमुळे.

अमेरिकी सैन्याची एम-१८ ही धुराची नळकांडी दुसऱ्या महायुद्धातली. लाल, हिरवा, पिवळा आणि जांभळा हे तिचे रंग. धूर साधारण ५० ते ९० सेकंद चालतो. निळा त्यांत नाही, आणि ते बरोबरच आहे: चुलीचा साधा धूरसुद्धा गर्द झाडीपुढे निळसर दिसतो, कारण त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. लांबून पाहणाऱ्याला खूण कुठली आणि धुकट कुठलं, हे कळायला नको का? व्हिएतनामच्या जंगलात या नळकांडीभोवती एक शिस्त तयार झाली. खाली अडकलेली तुकडी वायरलेसवर फक्त ‘धूर सोडतोय’ एवढंच सांगे. रंग सांगत नसे. वरून हेलिकॉप्टरचा वैमानिक दिसलेला रंग बोलून दाखवी आणि खालची तुकडी त्याला दुजोरा देई. आधीच रंग सांगितला तर ऐकत बसलेला शत्रूही त्याच रंगाचा धूर सोडून हेलिकॉप्टरला आपल्याकडे ओढू शकत होता.

समुद्रावरचा धूर नारिंगी. जहाजाच्या जीवनरक्षक बोटीत पाण्यावर तरंगणारे धुराचे डबे ठेवणं आंतरराष्ट्रीय नियमानुसार सक्तीचं आहे. तो धूर निदान तीन मिनिटं चालला पाहिजे आणि डबा क्षणभर पाण्याखाली गेला तरी विझता कामा नये. कोकणातल्या ज्या घरांतली माणसं जहाजावर आहेत, त्यांच्या प्रशिक्षणात हा डबा असतोच.

धुराला सैन्याच्या गणवेशातून बाहेर काढलं ते कलावंतांनी. ज्युडी शिकागो या अमेरिकी चित्रकर्तीने १९६८पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, किनाऱ्यांवर रंगीत धूर सोडून ‘ॲटमॉस्फिअर्स’ ही मालिका केली. त्यासाठी ती दारूकामाचं रीतसर शिक्षण घेत होती. पण त्या पुरुषी धंद्यात झालेल्या छळामुळे तिने ते अर्ध्यावर सोडलं आणि १९७४च्या सुमारास मालिकाही थांबली. किती काही व्हायचं राहिलं असेल, या विचाराने आजही वाईट वाटतं. चिनी कलावंत त्साई ग्वो-च्यांग यांनी २००५ साली व्हॅलेन्सियाच्या आभाळात भर दिवसा काळं इंद्रधनुष्य उभं केलं.

आता हाच धूर लग्नाआधीच्या फोटोंत, मिरवणुकींत, सामन्यांच्या गॅलऱ्यांत दिसतो. १३ डिसेंबर २०२३ला तो घुसखोरांच्या नळकांड्यांतून पिवळा होऊन लोकसभेच्या सभागृहातही शिरला. हौशी लोकांना तो निरुपद्रवी वाटतो, कारण त्याचा आवाज होत नाही. पण ५ सप्टेंबर २०२०ला कॅलिफोर्नियात बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्याच्या समारंभात लावलेल्या धुराच्या उपकरणाने वाळलेलं गवत पेटलं. त्या वणव्यात बावीस हजार एकरांहून जास्त रान जळालं आणि आग विझवणारा एक जवान गेला. घरी मिश्रण करण्याची हौस तर त्याहून वाईट. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की नुसत्या घर्षणानेही पेट घेऊ शकतात; भारत सरकारने १९९२ सालीच असं मिश्रण असलेल्या स्फोटकांवर बंदी घातली. परवान्याशिवाय शोभेची दारू तयार करणं तर १८८४च्या स्फोटक कायद्यापासूनच गुन्हा आहे. ज्यांना हे खरोखर शिकायचं आहे त्यांनी परवानाधारक कारखान्यात, जाणत्याच्या हाताखाली शिकावं. दुसरा रस्ता मला प्रामाणिकपणे सुचवता येत नाही.

रंगाऱ्यांचं नातं अजून तुटलेलं नाही. जुन्या नळकांड्यांतले काही रंग फुप्फुसांना घातक आणि कर्करोगाचा संशय असलेले होते, म्हणून अमेरिकी सैन्याने ते बदलायला घेतले. पिवळ्या आणि हिरव्या धुरासाठी त्यांनी सॉल्व्हंट यलो ३३ आणि सॉल्व्हंट ग्रीन ३ निवडले. हे दोन्ही रंग तिथे अंगाला लावायच्या सौंदर्यप्रसाधनांतही चालतात. पण त्वचेला चालणारा रंग वाफ होऊन छातीत गेला तर काय करतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची तपासणीही वेगळी करावी लागते.