आजीचे कोटणीस

“हे कोण गं?” आजीने मला विचारले.

सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या जन्मघरी आता स्मारक आहे, तिथे आम्ही दोघी उभ्या होतो. समोरच्या फोटोत चिनी फौजेच्या गणवेशातला एक तरुण होता.

“अगं, हेच डॉक्टर.”

तिने चष्मा पुसला, पुन्हा निरखून पाहिले आणि म्हणाली, “पण ते असे नव्हते.”

आजीने कोटणीसांना प्रत्यक्ष कधीच पाहिले नव्हते. तिने पाहिला होता तो १९४६ सालचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा सिनेमा. त्यात कोटणीस झाले होते स्वतः व्ही. शांताराम, आणि त्यांची चिनी पत्नी झाल्या होत्या जयश्री. आजी तेव्हा सोळा वर्षांची. पडद्यावर डॉक्टर गेले तेव्हा बायकांच्या बाजूला हुंदके आवरेनात, हे तिने आम्हाला किती वेळा सांगितले असेल! “आपल्या गावचा मुलगा हो,” असे म्हणून ती थांबायची. साठ-पासष्ट वर्षे तिच्या मनातल्या त्या मुलाला शांतारामबापूंचा चेहरा होता.

आजीचा भाऊ, आमचे मामाआजोबा, थिएटरात ऑपरेटर होते. त्यांच्या गोष्टी मशीनच्या खोलीतल्या. कच्ची फिल्म सगळी परदेशातून यायची. महायुद्धात ती मिळेना, तेव्हा १९४२ साली सरकारने सिनेमाची लांबी ११,००० फुटांवर आणली, म्हणजे जेमतेम दोन तास. पुढच्या वर्षी फिल्मवर परवाना आला, आणि प्रत्येक खेळात सरकारने मंजूर केलेली फिल्म दाखवण्याची सक्तीही. “आधी लढाई, मग गाणी,” मामाआजोबा सांगायचे. खोलीत विडीला सक्त मनाई. ती नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते, हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज खाली यायचा.

खऱ्या कोटणीसांची लढाई त्याआधीच सुरू झाली होती. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे, अठ्ठाविशीही न गाठलेले कोटणीस. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, चीनमध्ये जखमींची सेवा केलेल्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. परिचारिका असलेल्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस.

कोटणीस काम करत होते त्याच डोंगराळ भागात शा फेई नावाचे छायाचित्रकार चिनी फौजेबरोबर फिरत होते. बेथ्यून आणि कोटणीस, दोघेही त्यांच्या कॅमेऱ्यात आले. १९४३च्या हिवाळ्यात जपानी वेढा पडला, तेव्हा निगेटिव्ह वाचवताना त्यांचे सहकारी मारले गेले आणि बर्फातून पळताना शा फेईंचे पाय जायबंदी झाले. हे वाचल्यापासून त्या काळचा कुठलाही फोटो मला नुसता कागद वाटत नाही. कुणीतरी तो जिवावर उदार होऊन आपल्यापर्यंत पोचवला आहे.

मला सिनेमाला उणे लेखायचे नाही. शांतारामबापूंच्या परळच्या राजकमल स्टुडिओत तो उभा राहिला नसता, तर सोलापूरच्या गिरणगावातल्या एका मुलीला कोटणीस हे नावही कळले नसते. सिनेमाने नाव घरोघरी पोचवले. पण माणूस मात्र फोटोनेच राखला.

स्मारकातून निघताना आजी पुन्हा त्या फोटोपाशी गेली. “किती कोवळा होता रे बाळा तू,” ती त्या फोटोला म्हणाली. शांतारामबापूंना ती कधी ‘अरे’ म्हणाली नसती.

आजी गेल्यावर तिची ट्रंक उघडली. तळाशी जुन्या पातळात गुंडाळलेले सोळा फोटो निघाले. पाचांतली माणसे ओळखू आली. उरलेल्या अकरा फोटोंतले कोण, हे सांगणारे आता घरात कुणी नाही. मामाआजोबांचा मशीनपाशी उभा असलेला फोटो त्यांत असेलही, पण तरुणपणीचे मामाआजोबा आमच्यापैकी कुणी पाहिलेलेच नाहीत. स्मारकातल्या त्या फोटोखाली नाव लिहिलेले होते, म्हणून मी आजीला उत्तर देऊ शकले. आमच्या फोटोंखाली ते नाही.

तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील, तर या रविवारी जुने फोटो घेऊन त्यांच्याशेजारी बसा. कोण, कुठले, कोणत्या साली, एवढे विचारा आणि फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. पुढच्या रविवारवर टाकू नका.